आकडा कोठे दडलेला असतो?

मुलांच्या मासिकांत एक पान हमखास असते. त्यावर गर्द झाडीचे चित्र काढलेले असते आणि खाली लिहिलेले असते, ‘या झाडीत सात प्राणी दडले आहेत, शोधा पाहू!’ मूल ते पान उलटे करते, तिरपे धरते, डोळे बारीक करून पाहते, आणि अचानक पानांच्या रेषांतून सशाचे कान वर येतात. आता लॉटरीच्या टपरीपुढे उभे असलेले एखादे गृहस्थ आठवून पाहा. दोरीवर अडकविलेल्या तिकिटांच्या माळेतील पहिली चार तिकिटे ते बाजूला सारतात, पाचवे हातात घेतात, त्यावरील आकडे पुटपुटतात, ते परत ठेवून आतले एक ओढतात. त्यांच्या चेहऱ्यावरील एकाग्रता आणि त्या मुलाच्या चेहऱ्यावरील एकाग्रता यांत काडीचाही फरक नसतो.

फरक आहे तो त्यांच्या पुढ्यातील वस्तूंत. सशाला चित्रकाराने बुद्ध्या दडविले आहे. तो तेथे आहेच आणि पाहणाऱ्याला दिसो न दिसो, राहणारच. तिकिटावरील बक्षीस मात्र त्या क्षणी कोठेच नाही. सोडतीची चक्रे फिरून थांबेपर्यंत ते अस्तित्वातच येत नाही. जे कोणी लपविलेलेच नाही ते शोधायचे कसे? लॉटरीच्या मोहाची मीमांसा ‘लोभ’ या एका शब्दात आटोपण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ती अपुरी वाटते. लोभ असतोच, परंतु त्याच्या जोडीला, ‘आकडा कोठेतरी आधीच ठरलेला आहे, नीट पाहिले तर मला तो दिसेल’, ही समजूतही असते. अशिक्षितांत ती असते आणि पदवीधरांतही असते.

आपली भाषाच या समजुतीला हातभार लावते. आकडा ‘लागतो’, आकडा ‘निघतो’. एखाद्या मठीतला बाबा आकडा ‘देतो’. जणू तो आकडा विहिरीच्या तळाशी पडलेला पोहरा असावा आणि गळ टाकणाऱ्याचे कसब तेवढे अपुरे पडत असावे!

आपल्या भागाचा विचार करताना आरंभ मटक्यापासूनच करावा लागतो. त्याचा उगम मात्र दूर न्यूयॉर्कच्या कापूसबाजारात आहे. तेथील भाव बाजार उघडताना काय होता आणि बंद होताना काय होता, हे तारेने मुंबईस कळे आणि त्या आकड्यांवर पैजा लागत. १९६१ साली तो मार्ग बंद पडला. मग १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपापले मटके सुरू केले. आकड्यांच्या चिठ्ठ्या मडक्यातून काढीत म्हणून ‘मटका’. पुढे चिठ्ठ्यांच्या जागी पत्ते आले, तरी नाव तेच राहिले. तीन पत्ते ओढायचे, त्यांची बेरीज करायची आणि बेरजेतील शेवटचा अंक घ्यायचा. पहिल्या खेपेस आलेला अंक ‘ओपन’, दुसऱ्या खेपेचा ‘क्लोज’ आणि दोन्ही मिळून ‘जोडी’. कर्नाटकात याच खेळाला ‘ओसी’ म्हणतात, ते ओपन-क्लोजचे आद्याक्षरी रूप होय.

कापसाच्या भावातून आकडा निघत असे तेव्हा त्यामागे कोणा एकाचा हात नव्हता. हजारो सौद्यांतून भाव ठरे आणि त्या सौद्यांचा मुंबईतील पैजेशी संबंध नसे. मडके आले आणि आकडा काढणारा एक माणूस आला. माणूस आला म्हणजे मन आले, आणि मन आले म्हणजे ते ओळखण्याची आशा आली. गेल्या महिन्यांचे आकडे उभ्याआडव्या रकान्यांत मांडलेले तक्ते विकले जाऊ लागले. त्या तक्त्यांवर तिरप्या रेघा ओढून उद्याचा अंक काढणारे स्वयंभू पंडित गावोगाव निर्माण झाले. स्वप्नात साप दिसला तर अमुक अंक, प्रेतयात्रा दिसली तर तमुक. शाळेत पाढ्यांना घाबरणारा माणूस या तक्त्यांपुढे चार-चार तास बसतो, हे मला नेहमीच कुतूहलाचे वाटत आले आहे. गणितावरची एवढी निष्ठा आमच्या वर्गांत दिसली असती तर!

सरकारांनीही हा मार्ग धरला. केरळने १९६७ मध्ये आणि महाराष्ट्राने १९६९ मध्ये आपली लॉटरी सुरू केली. महाराष्ट्राच्या बाबतीत मटक्याकडे जाणारा पैसा सरकारी तिजोरीकडे वळवावा, हाही हेतू सांगितला गेला. कर्नाटकाने २००७ साली लॉटरी बंद केली. महाराष्ट्रात ती चालू राहिली. त्यामुळे सीमेच्या एका अंगाला जे सरकारमान्य, ते दुसऱ्या अंगाला बेकायदा, असा प्रकार झाला. १९९८ च्या केंद्रीय लॉटरी कायद्यात मात्र एक मार्मिक कलम आहे. एकाच अंकावर, अथवा आधी जाहीर केलेल्या आकड्यावर बक्षीस ठेवता येणार नाही, असे ते सांगते. सरकारी तिकिटाच्या वेषात मटकाच परत येऊ शकतो, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते.

स्वप्नांवरून आकडे काढण्याचे वेड आपल्याच मातीतले आहे असे कोणी समजू नये. इटलीतील नेपल्स शहरात यावर चक्क एक कोश आहे. त्याला ‘स्मोर्फिया’ म्हणतात. तेथील लोट्टो या सोडतीत १ ते ९० हे आकडे असतात आणि कोशात प्रत्येक आकड्याला स्वप्नातील एकेक वस्तू नेमून दिलेली आहे. मेलेला माणूस दिसला तर ४७. तोच मेलेला माणूस बोलू लागला तर ४८. आणि भीती वाटली तर ९०. कोणी जिना उतरताना पडला तरी शेजारी आधी कोश काढतात, असे म्हटले तर ती फार अतिशयोक्ती होणार नाही. तिकडच्या मातिल्दे सेराओ या लेखिकेने १८९१ मध्ये नेपल्समधील या लोट्टोवेडावर एक कादंबरीच लिहिली.

याच लोट्टोत आपल्या काळात जे घडले ते विलक्षण आहे. इटलीतील निरनिराळ्या शहरांच्या नावे स्वतंत्र सोडती निघत. २००५ च्या आरंभी अशी दहा ‘चक्रे’ होती. प्रत्येक सोडतीत ९० पैकी ५ आकडे निघतात. व्हेनिसच्या चक्रावर ५३ हा आकडा मे २००३ नंतर येईनासा झाला. महिने गेले, वर्ष गेले. ‘आता तो यायलाच हवा’, या भरवशावर लोक पैसे लावू लागले, आणि तो जितका लांबला तितकी रक्कम वाढत गेली. वृत्तपत्रांनी दिलेल्या आकड्यांप्रमाणे लोकांनी त्या एका आकड्यावर साडेतीन अब्ज युरोंहून अधिक रक्कम ओतली. घरे गहाण पडली, काहींनी जीव दिले. ९ फेब्रुवारी २००५ रोजी, १८२ सोडतींच्या खंडानंतर, ५३ आला. तोवर ज्यांचे जायचे ते गेले होते.

येथे थोडे गणित करणे भाग आहे. वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांनी पान उलटू नये. एका सोडतीत ५३ येण्याची शक्यता ९० त ५, म्हणजे १८ त १. न येण्याची १८ त १७. हा १७ भागिले १८ चा अपूर्णांक १८२ वेळा स्वतःशी गुणला तर उत्तर सुमारे ३३ हजारांत १ असे येते. म्हणजे एवढा खंड पडणे फार दुर्मीळ, असे वाटेल. परंतु चक्रे दहा, प्रत्येकावर आकडे नव्वद, म्हणजे एकूण नऊशे उमेदवार. आणि आठवड्यातून दोन सोडती. हे सारे हिशेबात घेतले की असा लांबलचक खंड कोठल्या ना कोठल्या चक्रावर सहा-सात वर्षांतून एकदा पडणारच, असे दिसते. त्यात गूढ काही नाही. आणि १८२ वेळा न आलेल्या ५३ ची पुढील सोडतीत येण्याची शक्यता किती? तीच, १८ त १. चेंडूंना स्मृती नसते. ‘बिचारा फार दिवस आला नाही’, ही कणव माणसाच्या मनात असते, पेटीत नसते.

शक्यता मोजता येते ही जाण आपल्याकडे फार जुनी आहे, याचा एक सुंदर पुरावा महाभारतातील नलोपाख्यानात सापडतो. द्यूतात सर्वस्व हरलेला नल बाहुकाच्या वेषात राजा ऋतुपर्णाचा रथ हाकीत आहे. वाटेत एक बेहड्याचे झाड लागते. ऋतुपर्ण त्याच्याकडे नुसता पाहून त्याच्या फांद्यांवर पाने किती, फळे किती, हे सांगतो. नलाचा विश्वास बसत नाही. तो रथ थांबवून मोजून पाहतो, तर संख्या बरोबर! मग ऋतुपर्ण त्याला अक्षविद्या देतो आणि नलाच्या अंगातून कली बाहेर पडतो. त्या काळी फाशांच्या जागी बेहड्याचीच फळे वापरीत, हे लक्षात घेतले म्हणजे कथाकाराने झाड निवडताना किती विचार केला होता हे कळते. पानांची संख्या डोळ्यांसमोर आहे, पण दिसत नाही. मोजण्याची विद्या असलेल्यालाच ती दिसते. द्यूताचे वेड आणि गणना यांची गाठ एवढ्या जुन्या कथेत इतक्या नेमकेपणाने घातलेली पाहून मन थक्क होते.

वस्तू खरोखरच दडविलेली असली म्हणजे मनुष्याची बुद्धी ताळ्यावर राहते, असे मात्र नाही. आपल्याकडील गुप्तधनाच्या कथा घ्या. पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले की त्याला जमिनीतील हंडा दिसतो, ही समजूत गावोगाव आहे. आपल्या कन्नड भाषक शेजाऱ्यांच्या बोलण्यात त्याच धनाला ‘निधी’ म्हणतात. या हंड्यांपायी अघोरी प्रकार घडले, म्हणून महाराष्ट्राच्या २०१३ च्या आणि कर्नाटकाच्या २०१७ च्या कायद्यांत गुप्तधनाच्या नावाखाली होणाऱ्या अमानुष कृत्यांचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला. पण तेथे हंडा मुळात आहे की नाही हेच कोणास ठाऊक नसते. हंडा नक्की आहे, कोणी पुरला तेही माहीत आहे, अशा ठिकाणी काय होते? त्याचा प्रयोग इंग्लंडात झाला.

किट विल्यम्स या चित्रकाराने १९७९ साली ‘मास्करेड’ नावाचे एक चित्रमय पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात पंधरा चित्रे आणि प्रत्येक चित्रात एक ससा लपविलेला. पण खरा ससा निराळाच होता. विल्यम्सने १८ कॅरट सोन्याचा, रत्नजडित ससा स्वतः घडवून, एक साक्षीदार बरोबर घेऊन, इंग्लंडात एके ठिकाणी जमिनीत पुरला होता. त्या जागेचा पत्ता चित्रांत आहे, शोधेल त्याचा ससा, असे आव्हान होते. साक्षीदार होते बॅम्बर गॅस्कॉइन, दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषेमुळे घरोघर ठाऊक असलेले गृहस्थ. पुस्तकावर लोक तुटून पडले. फावडी घेऊन माणसे परक्यांच्या बागा खणू लागली. हजारो पत्रे आली आणि प्रत्येकाला आपले उत्तर बिनचूक वाटत होते. कोणी चित्रांतील फुले मोजली, कोणी पोशाखांच्या घड्या. आणि जो जे मोजी त्याला त्यातून आपल्याच गावचा पत्ता मिळे! गॅस्कॉइन यांनी पुढे १९८३ मध्ये या शोधाच्या हकिकतीवर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले. माणूस खुणा शोधू लागला की त्याला खुणा सापडतातच, मग त्या कोणी ठेवलेल्या असोत वा नसोत, हे त्यातून इतके स्पष्ट होते की मानसशास्त्राच्या वर्गात ते लावावे.

खरी किल्ली साधी होती. चित्रातील प्रत्येक प्राण्याच्या डोळ्यापासून त्याच्या हातापायांच्या सर्वांत लांब बोटाच्या टोकातून सरळ रेषा पुढे न्यायची. ती चौकटीवरील एका अक्षरास जाऊन मिळे. अक्षरे जुळवली की बेडफर्डशायरमधील अँम्पथिल गावचा आणि तेथील एका स्मारकस्तंभाचा पत्ता निघे. आठव्या हेन्रीची पहिली राणी कॅथरीन हिच्या स्मरणार्थ उभारलेल्या क्रुसाची सावली विषुवदिनी भर दुपारी जेथे पडे, तेथे ससा पुरला होता. मँचेस्टरच्या बाजूच्या दोघा पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांनी हे कोडे यथासांग सोडविले. त्यांनी तेथे जाऊन खणलेही, पण हाताशी आलेला ससा त्यांच्या नजरेतून निसटला. १९८२ मध्ये बक्षीस मिळाले ते भलत्यालाच. टोपणनावाने पुढे आलेल्या त्या माणसाला जागेचा सुगावा चित्रांवरून लागलाच नव्हता. त्याच्या भागीदाराची मैत्रीण पूर्वी विल्यम्सच्या सहवासात राहिलेली होती, तिच्याकडून तो लागला होता. १९८८ मध्ये लंडनच्या एका वृत्तपत्राने हे उघडकीस आणले; त्याच वर्षी लिलावात सशाला ३१,९०० पौंड आले. ज्यांनी रेषा ओढल्या त्यांना माती मिळाली.

तरीही या खेळात अभ्यासाला अर्थ होता, कारण पलीकडे दडविणारे एक मन होते. मार्टिन हँडफर्ड यांच्या ‘व्हेअर्स वॉली?’ या १९८७ पासून निघालेल्या चित्रपुस्तकांचेही तसेच. गर्दीत लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा घातलेला वॉली शोधायचा. २०१३ मध्ये बेन ब्लॅट या पत्रकाराने फूटपट्टी घेऊन सर्व वॉली मोजले, तर निम्म्याहून अधिक वेळा तो पानाच्या दीड-दीड इंच रुंदीच्या दोनच पट्ट्यांत आढळला. चित्रकाराच्या हाताला सवय असते आणि ती मोजता येते. २००५ च्या ‘मिस्टरी केस फाइल्स’पासून संगणकावर जे वस्तू शोधण्याचे खेळ लोकप्रिय झाले, अडगळीच्या खोलीत चावी शोधा, पंखा शोधा, त्यांतही हाच आनंद आहे.

मौज अशी की या दोन खेळांची सीमारेषा आपल्या सर्वोच्च न्यायालयाला एकदा आखावी लागली, आणि तो वाद म्हैसूर आणि मुंबई या दोन राज्यांमधलाच होता. स्वातंत्र्याच्या आगेमागे बक्षिसाच्या शब्दकोड्यांनी धुमाकूळ घातला होता. बंगळूरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकात आर. एम. डी. सी. शब्दकोडी येत, त्यांचा मोठा ग्राहकवर्ग मुंबई राज्यात होता. मुंबई सरकारने त्यांवर कर बसविला, तेव्हा चालक न्यायालयात गेले. एप्रिल १९५७ मध्ये सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांच्या पीठाने निकाल दिला.

प्रश्न असा की शब्दकोडे हा बुद्धीचा खेळ की नशिबाचा? साधे शब्दकोडे बुद्धीचेच. पण बक्षिसाच्या कोड्यात सूचक वाक्याला दोन शब्द सारखेच चपखल बसत. ‘संकटात माणसाला याचा आधार वाटतो’, असे वाक्य आणि पर्याय ‘धन’ आणि ‘जन’. (हे उदाहरण माझे.) यातले कोणते बरोबर? चालकाकडील उत्तराशी जुळेल ते! शब्दकोश, व्याकरण, व्यासंग यांचा येथे काय उपयोग? हा जुगारच आहे, आणि जुगाराला व्यापाराचे संरक्षण नाही, असे न्यायालयाने ठरविले. १९५५ च्या बक्षीस स्पर्धा कायद्याने महिन्याला एक हजार रुपयांहून अधिक बक्षिसांच्या अशा स्पर्धा आधीच बंद केल्या होत्या. वरून शोधाचा खेळ आणि आतून सोडत असा हा प्रकार. कौशल्य आणि योगायोग यांतला हा भेद आपले न्यायालयीन वाद पुढे कितीतरी वर्षे वापरीत राहिले.

याच्या नेमका उलट प्रकारही आहे. खरवडण्याचे तिकीट दिसते सोडतीसारखे. पण त्याचा निकाल छापखान्यातच लागलेला असतो आणि वरील लेपाखाली दडलेला असतो. म्हणजे ते वस्तुतः दडविलेल्या वस्तूचे चित्रच! २००३ साली टोरांटोतील मोहन श्रीवास्तव या संख्याशास्त्रज्ञांच्या हे लक्षात आले. सोन्याच्या खाणींत कोठे किती धातू असेल याचे अंदाज बांधणे हा त्यांचा व्यवसाय. फुली-गोळ्याच्या एका तिकिटावर उघड छापलेल्या आकड्यांपैकी जे एकदाच आलेले असत ते त्यांनी हेरले. असे तीन आकडे एका ओळीत आले की तिकीट बहुधा बक्षिसाचे निघे. त्यांनी वीस न खरवडलेल्या तिकिटांची विजयी आणि पडेल अशी विभागणी करून ती लॉटरीच्या कचेरीकडे पाठविली. एकोणीस बरोबर निघाली आणि ती तिकिटे बाजारातून काढून घेण्यात आली. श्रीवास्तव स्वतः तिकिटे विकत घेऊन श्रीमंत का झाले नाहीत? त्यांनी हिशेब केला होता: दिवसभर दुकाने हिंडून जेवढे सुटतील त्यापेक्षा त्यांची रोजची फी अधिक होती.

लेखकांना आणि चित्रपटवाल्यांना हे सारे आपापल्या परीने उमगलेले दिसते. सोडतीत नाट्य नसते, ती क्षणात होते. म्हणून पडद्यावर नेहमी तिकीटच हरवते. रने क्लेअरच्या १९३१ च्या ‘ल मिलियाँ’मध्ये ते एका जुन्या कोटाच्या खिशात असते, प्रियदर्शनच्या २००६ च्या ‘मालामाल वीकली’त ते मेलेल्या माणसाच्या हातात असते. सोडतीचे रूपांतर शोधात केल्यावाचून कथा हलत नाही. चेकॉव्ह मात्र याहून खोल गेला. त्याच्या १८८७ च्या लॉटरीच्या तिकिटावरील कथेत नवरा वर्तमानपत्र पाहतो, तो बायकोच्या तिकिटाची मालिका ९,४९९ लागलेली! आता क्रमांक २६ तेवढा पाहायचा. तो पाहत नाही. मुद्दाम पाहत नाही. निकाल हातातील कागदावर छापलेला आहे, फक्त नजर खाली न्यायची आहे; पण न पाहण्याच्या त्या थोड्या वेळात दोघे मनाने घर घेतात, परदेशी जातात, आणि तिकीट कोणाचे, पैसा कोणाचा, या विचाराने एकमेकांचा मनोमन द्वेष करू लागतात. क्रमांक निघतो ४६. पैसा तर मिळत नाहीच, द्वेष मात्र उरतो.

आता वसतिगृहांतून मोबाइलवर चाललेल्या खेळांकडे पाहावे. त्यांत पेट्या मिळतात. पैसे भरून पेटी उघडली की आत एखादे शस्त्र वा पोशाख निघतो. ‘काउंटर-स्ट्राइक’ या खेळात २०१३ पासून अशा पेट्या आहेत. कळ दाबली की वस्तूंची एक माळ डोळ्यांपुढून सरकू लागते, हळूहळू मंदावते, मौल्यवान वस्तूच्या अगदी शेजारी येऊन थांबते. थोडक्यात हुकले, असे वाटते. वस्तुतः हुकण्यासारखे तेथे काही नसते. निकाल यंत्राने केव्हाच काढलेला असतो. सरकणारी माळ ही केवळ सजावट. पेटीत काही होते आणि आपण ते शोधले, अशा आविर्भावात येथे सोडत पार पडते. बेल्जियमने २०१८ साली पैसे घेऊन उघडावयाच्या अशा काही पेट्यांना जुगार ठरविले. चीनने त्याच्या आदल्या वर्षापासून प्रत्येक पेटीतून काय निघण्याची शक्यता किती, हे जाहीर करणे सक्तीचे केले. कित्येक खेळांत आता ही टक्केवारी दिलेली असते. ती पाहण्यासाठी कोपऱ्यातील एका बारीकशा खुणेवर बोट ठेवावे लागते. त्या साऱ्या झगमगाटात खरोखर दडविलेली वस्तू तेवढी एकच आहे.